जोडातले पाच ओहम

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होतं. मी हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन, गाव कळस, तालुका इंदापूर. माझ्या हाताखाली नाईक दत्तू, वडगाव निंबाळकरचा. जनरेटर खालच्या सपाटीवर, बंकर वर आणि मधे बर्फाखालून गेलेली तीनशे मीटर तांब्याची केबल. रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी डिझेल आणि तेल, मग दोन्ही टोकांचं व्होल्टेज, शेवटी करंट.

ही केबल आधीच्या तुकडीनं टाकलेली. बर्फ सरकून तुटली की तारा पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची आणि पुढं जायचं. जोड किती आणि कुठं, हे चार्ज देताना कुणी सांगितलं नाही. नवी केबल मी तीनदा मागितली. उत्तर तिन्ही वेळा तेच. "चालू आहे ना? मग चालवा."

फेब्रुवारीत एका शिपायाच्या छातीत पाणी झालं. उंचीवर होतं तसं. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मेडिकल बंकरमध्ये त्याला ऑक्सिजन मशीन लावलं आणि एकेक किलोवॅटचे तीन हिटर. दुपारी मशीन शिट्टी मारायला लागलं. व्होल्टेज कमी.

सुभेदार साहेब म्हणाले, "जनरेटर छोटा पडतोय."

मी मोजलं. जनरेटरवर दोनशे तीस व्होल्ट, बंकरमध्ये एकशे साठ. करंट दहा अँपिअर.

"साहेब, जनरेटर ठीक आहे. सत्तर व्होल्ट वाटेत जातायत."

दत्तू घाईनं एक हिटर बंद करायला निघाला. "व्होल्टेज पडलं की करंट वाढतोय, उस्ताद. जळंल हे."

"ती तुझी उसाची मोटार. मोटार जोर करते, करंट ओढते. हिटरचा करंट उलट कमी होतो."

"मग न्हाय जळत?"

"जळत नाही आणि तापतही नाही. व्होल्टेज सत्तर टक्के, पण ऊब निम्मीच."

तो पेशंटकडं बघून म्हणाला, "मंजी गडी निम्म्या हिटरवर हाय."

हिशेब साधा होता. सत्तर व्होल्ट भागिले दहा अँपिअर, सात ओहम. एवढ्या लांबीच्या चांगल्या केबलचे जाऊन-येऊन फार तर दोन. उरलेले पाच ओहम कुठल्या तरी एका जोडात बसले होते. दहा अँपिअरला त्या जोडावर पन्नास व्होल्ट पडणार. पन्नास गुणिले दहा, पाचशे वॅट.

"पाचशे वॅट बर्फात जातायत," मी म्हणालो. "आख्खी लाइन खणायची गरज नाही. बर्फ खचून खड्डा पडलेला दिसेल."

दत्तू हसला. "मंजी कुणीतरी आंघोळीचा रॉड लावून ठेवलाय बर्फात."

त्या उतारावर एका वेळी एकच माणूस सोडायचा नियम होता. वरचा बर्फ भरवशाचा नव्हता. मी निघालो तर दत्तूनं दोर आधीच कमरेला लावला होता. "तुमी मीटर बघा. माझी बोटं अजून वळत्यात."

वीस मिनिटांत रेडिओवर आवाज आला. "खड्डा घावला. टेप वितळलीया. बंद करा. ओव्हर."

खाली रेडिओवर सांगून जनरेटर बंद करवला. पेशंटला सिलिंडरवर घेतलं. सिलिंडर एकच होता आणि त्याचा काटा अर्ध्याच्या खाली. नर्सिंग असिस्टंट काट्याकडं बघत होता, मी मीटरकडं.

"जोड झाला. पक्का दाबलाय. चालू करा. ओव्हर."

जनरेटर सुरू झाला. मीटरचे आकडे चढून थांबले. मशीनची शिट्टी बंद झाली.

"किती आलं, उस्ताद?"

"दोनशे चार."

उतारावरून बर्फाची कड तुटल्याचा आवाज आला. मोठा नव्हता.

"दत्तू, दोनशे चार. ओव्हर."

मी परत सांगितलं, मग ओरडून सांगितलं. दोर धरून आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी काढला. शिपाई वाचला. हवा उघडल्यावर त्याला खाली नेलं. त्यानंतर नवी केबलही आली, एकसंध, न मागता.

आता निवृत्त होऊन मी कळसला असतो; गावाला प्रत्येक फौजी मेजरच. रोज कुणीतरी येतं. "मेजर, मोटार जळली." मी विचारतो, व्होल्टेज मोजलं का? करंट किती? कुणी मोजलेलं नसतं. लाइनला शिव्या देतील, मोटारीचं जळलेलं वाइंडिंग भरायला बारामतीला नेतील, पण खांबाखालचा पिळलेला जोड उघडणार नाहीत. वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते. सांगून सांगून मी थकलो. उत्तर एकच असतं. "चालतंय की." हे शब्द मला आता सहन होत नाहीत.

दरवर्षी फेब्रुवारीत मी वडगावला जातो. चौकातल्या फलकावर दत्तूचं नाव आहे, खाली 'हिमस्खलनात वीरमरण'. त्याचा भाऊ संभाजीही म्हणतो, "बर्फानं नेला." तिथं मी वाद घालत नाही. पण त्याला उतारावर बर्फानं बोलावलं नव्हतं.

यंदा संभाजीच्या गोठ्यावर गेलो, तर मोटारीच्या वायरीला पिशवी बांधलेला जोड. हात लावला. गरम.

"संभाजी, हे काय?"

"तात्पुरतं हाय, मेजर. चालतंय की."

"मेन स्विच पाड."

"आवो, गाई धुवायच्यात. आधी च्या घ्या."

"पाड म्हणतो ना!"

त्यानं पाडला. मी जोड कापला, तारा घासल्या, खिशातला कनेक्टर लावून पक्का आवळला. मग मोटार सुरू करायला सांगितली आणि मीटर लावला.

मागून संभाजीनं विचारलं, "किती आलं?"

"दोनशे अठरा!"

"वरडताय कशाला, मेजर? मी हितंच हाय की."

"ऐकू आलं ना?"

"व्हय. आलं."