शनिवारचं व्होल्टेज

विकतचा रेडिओ ऐकायला लोक येतात, ऐकतात आणि घरी जातात. घरी जुळवलेला रेडिओ ऐकायला लोक येतात, तो बंद पडतो, मग चहा होतो, मग कोणीतरी पेचकस मागतो, मग दुसरा चहा होतो, आणि घरी परतताना प्रत्येकाच्या पदरात एकेक किस्सा पडलेला असतो! साठ सालानंतरची सात-आठ वर्षं मी लोणावळ्याच्या पोस्टात कारकून होतो. त्या काळात काळे मास्तरांच्या घरी असे किस्से मी पोतंभर गोळा केले. कार्यक्रम मात्र एक सोडून एकही पुरता ऐकला नाही.

काळे मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. पाच व्हॉल्व्हचा सेट त्यांनी स्वतः जुळवला होता. सुटे भाग मुंबईहून आणलेले, ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलेला, पेटी फळ्यांची. आमचं मंडळ चौघांचं. मास्तर, मी, चिक्कीच्या दुकानाचे नंदूशेठ आणि औंढ्याचा बबन. बबन रेल्वेत सिग्नल फिटर. विजेतलं खरं कळायचं ते त्याला एकट्याला, म्हणून त्याचं कोणी ऐकत नसे.

आणि पाचव्या काळेवहिनी. वहिनींचा गळा गोड, गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. सेट आला तेव्हा त्यांना आनंद झाला असणार. पण पहिलं कडवं झालं की आवाज घोगरा व्हायचा, दुसऱ्याला स्टेशन सरकायचं, तिसऱ्याला नुसता भुंगा. एकदा त्या मला म्हणाल्या, "भावजी, सहा वर्षांत मी एका गाण्याचा शेवट ऐकला नाही हो. सगळी गाणी माझ्या मनात अर्धीच आहेत." हसत म्हणाल्या, पण मला वाईट वाटलं. मास्तर त्या वेळी टेबलाखाली सोल्डर करत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

*

रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. मास्तर फॉर्म भरायला माझ्याच खिडकीशी आले. 'बनावट' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'काळे.' इथवर ठीक. पुढचा रकाना मॉडेलचा. मास्तर टाक हातात धरून विचार करत राहिले. मागं रांग वाढली.

रांगेतच बबन उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, मॉडेल रोज बदलतंय. तारीख टाका!"

आमच्या पोस्टमास्तरांनी तो फॉर्म दोनदा वाचला आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "काय हो, हा रेडिओ वाजतो का?"

मी म्हटलं, "साहेब, अधूनमधून."

"मग लायसन द्या. अधूनमधून वाजला तरी कायदा पूर्ण लागतो!"

*

सेट सोमवार ते शुक्रवार त्यातल्या त्यात बरा चालायचा आणि शनिवारी संध्याकाळी मान टाकायचा. मास्तरांनी चार महिने त्यामागं घालवले. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, एरियलची तार छपरावरून उंबरावर नेली. सोमवारी सेट वाजला की मास्तर म्हणायचे, "सापडला दोष!" शनिवारी दोष परत यायचा.

एका शनिवारी सगळे डोकं धरून बसलेले असताना वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज चहा पांढरा होणार नाही. शनिवारी मुंबईचे लोक बंगल्यांत उतरतात, गवळी निम्मं दूध तिकडं देतो आणि आपल्याला पातळ घालतो. मला वाटतं तुमच्या विजेचंही तसंच असेल."

बबननं खिशातून टेस्टर काढण्याऐवजी थेट मास्तरांचं व्होल्टमीटर भिंतीतल्या प्लगला लावलं. दोनशे तीसच्या जागी एकशे सत्तर!

"व्हय की वो," बबन म्हणाला. "वयनी, रेल्वेत या तुमी. आमच्याकडं लय गरज हाय."

मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि गंभीरपणे म्हणाले, "मला संशय होताच."

*

दोष कळला म्हणजे दोष गेला असं नाही. मास्तरांनी व्होल्टेज चढवायचा बूस्टर गुंडाळायला घेतला. बारा घरांचा, म्हणजे बारा टप्प्यांचा स्विच. व्होल्टेज पडलं की एकेक घर वर सरकवायचं. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी झाल्यावर ती वाळवावी लागते, नाहीतर आमच्याकडच्या दमटपणात तिला आतून ओल धरते. श्रावणात लोणावळ्यात वाळवणार कुठं? आमच्याकडं चपलांनासुद्धा बुरशी येते.

नंदूशेठ म्हणाले, "माझ्या भट्टीच्या खोलीत ठेवा. तिथं गुळाचा पाकसुद्धा तीन मिनिटांत आळतो."

आठवडाभर बूस्टर भट्टीशेजारी राहिला. कोरडा ठणठणीत झाला. मास्तरांनी घरी आणून जोडला. व्होल्टेज चढलं, आवाज खणखणीत, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सेटमधून चरचर. मास्तरांनी पेटी उघडली तर भिंतीपासून बूस्टरपर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग! आठवडाभर भट्टीची वाफ बसून गुंडाळीवर गुळाचा थर चढला होता.

बबननं वाकून पाहिलं. "मास्तर, करंट कुटनं कुटं जातोय त्ये आता डोळ्यांनी दिसतंय बगा!"

*

बबनचा रेल्वेतला एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. मास्तर एका बैठकीत तीन गोष्टी बदलायचे, सेट चालू व्हायचा आणि कशामुळं चालू झाला ते देवालाही कळत नसे. शेवटी बबननं एक वही आणून सेटवर ठेवली. "जे करताय त्ये लिवा. न्हाईतर माझं डोकं फिरंल."

महिन्याभरानं मी ती वही चाळली. मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात पानंच्या पानं भरलेली. रोध बदलला, सेट बिघडला. तार बदलली, सेट बिघडला. मधेच एका पानावर बबनच्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'मास्तर मुलीकडं गावाला गेले. सेट चार दिस बरा.'

*

मग सेटला नवी खोड लागली. वरून दाब असला तरच वाजायचा. आत कुठंतरी सोल्डरचा एक सांधा नुसता टेकलेला होता, पण सापडता सापडत नव्हता. मास्तरांनी हातानं दाबून पाहिलं, पुस्तकं ठेवून पाहिली. शेवटी नंदूशेठच्या दुकानातलं एक किलोचं वजन पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवल्यावर सेट सुरळीत झाला. दोन किलोनं घोगरा व्हायचा, पाचशे ग्रॅमनं बंद. नेमकं एक किलोच लागायचं!

आणि नेमकी त्याच आठवड्यात नंदूशेठच्या दुकानात वजनमापांची तपासणी आली. इन्स्पेक्टर मोठा खमक्या. सगळी वजनं मांडून घेतली. "एक किलोचं कुठंय?"

"रेडिओवर," नंदूशेठ म्हणाले.

दुकानदारांच्या अशा सबबी त्यानं आयुष्यभर ऐकल्या असतील, पण ही नवी होती. तो नंदूशेठना पुढं घालून मास्तरांच्या घरी आला. रेडिओ वाजत होता. त्यानं वजन उचललं. रेडिओ बंद. वजन ठेवलं. रेडिओ चालू. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. चौथ्या वेळी तर तो स्वतःच खूश होऊन हसायला लागला. मग भानावर आला, पिशवीतून आपलं तपासणीचं वजन काढून दोन्ही ताडून पाहिली आणि टोपी सारखी केली.

"वजनात खोट नाही. खोट रेडिओत आहे. पण तो माझ्या खात्यात येत नाही!"

*

बूस्टर आल्यावर शनिवारची चिंता मिटली. रविवारची कोणाच्या ध्यानात नव्हती. रविवारी संध्याकाळी बंगल्यांतले लोक एकाच गाडीनं मुंबईला परततात. म्हणजे सगळे दिवे, गिझर, पंखे एकदम बंद. तासाभरात वीज दुथडी भरून वाहायला लागते!

त्या रविवारी बूस्टरचा स्विच शेवटच्या घरात होता. मास्तर आम्हाला समजावून सांगत होते की आता सेट स्थिर झाला आहे, आता काही म्हणता काही होणार नाही. 'होणार नाही' म्हणायला आणि आत कंडेन्सर फुटायला एकच गाठ पडली. असा आवाज झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून कुरवंड्याच्या रस्त्याला लागली.

धूर ओसरल्यावर वहिनींनी आतून विचारलं, "गाणं संपलं का?"

*

आता शेवटचं सांगतो.

वहिनींच्या भजनी मंडळाला पुण्याच्या रेडिओ केंद्रावरून बोलावणं आलं. सगळ्या बायका गाडीनं पुण्याला जाऊन गाऊन आल्या. त्यात एक अभंग वहिनींनी एकटीनं म्हटला. तिथल्या काचेच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं, पण त्यांना परत ऐकवलं काही नाही. म्हणाले, शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागेल, घरी ऐका. एकदाच लागणार होतं. हुकलं की हुकलं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे वहिनींना जन्मात एकदा कळायची संधी, आणि ती आली शनिवारी!

नंदूशेठकडं तोवर विकतचा चांगला सेट आला होता. ते मुद्दाम घरी आले. "वहिनी, माझ्याकडं या. कशाला जोखीम?"

मास्तर खाली मान घालून बसले होते. त्यांनाही ते पटलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "जा तू. खरंच जा."

वहिनी म्हणाल्या, "मी ह्यांच्याच सेटवर ऐकीन. नाही ऐकू आलं तर नाही."

त्यानंतरच्या चार दिवसांत मास्तर जेवायलासुद्धा धड बसले नाहीत. बबननं रजा टाकली. दोघांनी सेट पूर्ण उलटा करून एकेक सांधा नव्यानं जोडला, आणि या वेळी मास्तरांनी खरोखरच एका वेळी एकच गोष्ट बदलली. तो टेकलेला सांधा सापडला. नंदूशेठचं वजन दुकानात परत गेलं. शनिवारी दुपारी बबन आळीत घरोघर फिरला. "सात वाजता दिवे बंद करा वो. वयनी गानारेत. आन् हितं ऐकायला या." आळीनं ऐकलं. पावणेसातला सगळी आळी अंधारात आणि मास्तरांच्या अंगणात!

तरी बंगले होतेच. तिथले दिवे लागतील तसं व्होल्टेज पडणार आणि विझतील तसं चढणार. कोणीतरी मीटरकडं बघत बूस्टरची कळ फिरवत राहायला हवी होती. बबन म्हणाला, "मी बसतो, मास्तर. तुमी वयनींपाशी बसा." मास्तर म्हणाले, "नको. स्विचच्या कोणत्या घराला किती चढतं ते माझ्या हाताला माहीत आहे."

ते सेटच्या मागं भिंतीकडं तोंड करून बसले. एका हातात टॉर्च, दुसरा कळीवर. वहिनी पुढं पाटावर बसल्या होत्या, हातमागाचं नवं लुगडं नेसून.

सात वाजले. निवेदिकेनं मंडळाचं नाव घेतलं. टाळ वाजले आणि वहिनींचा आवाज आला.

खरं सांगतो, मी इतकी वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यालो, पण तो आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. अंगणात कोणी खोकलंसुद्धा नाही. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मी सवयीनं भुंग्याची वाट पाहत होतो. मागं अंधारात कळ टक् करायची, थोड्या वेळानं पुन्हा टक्. तिसरं कडवं झालं. चौथं झालं. शेवटची ओळ वहिनींनी तीनदा आळवली, टाळ थांबले आणि निवेदिकेनं त्यांचं पूर्ण नाव घेतलं. अभंग संपला होता. सेट चालू होता!

नंदूशेठ उपरण्यानं डोळे पुसत होते. वहिनी पाटावरून उठल्या, सेटच्या मागं गेल्या आणि मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. मास्तरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. टॉर्च अजून मीटरवरच होता.

वहिनींनी हळूच विचारलं, "अहो, कसं झालं?"

मास्तरांनी मान वर केली. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"दोनशे तीस!" ते म्हणाले. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनशे तीस! काटा जागचा हलला नाही!"