मळा लिहिला, वरकस राहिली

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. कर्जतला बदलून येऊन मला दोनच महिने झाले होते. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर कशेळ्याकडची एक सत्तरीची मावशी आणि तिची थोरली मुलगी येऊन उभ्या राहिल्या. मावशीच्या हातात तलाठ्याची नोटीस होती.

तिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी वारला होता. मुलगा नाही, दोन मुली. रस्त्याला लागून भाताचा मळा होता आणि घर त्याच्यावरच चालायचं. नवऱ्याच्या पुतण्याने काकाचं मृत्युपत्र दाखल करून तो मळा आपल्या नावे लावायचा अर्ज केला होता. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती, त्यातले सहा गेले होते. हा पुतण्या खालापूर भागात जमिनीची दलाली करायचा. फार्महाऊससाठी गिऱ्हाईक त्याने आधीच बघून ठेवलं होतं. सातबारावर त्याचं नाव चढलं की मळा विकला जाणार आणि मावशी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसणार, हे दिसत होतं.

मी मृत्युपत्राची प्रत पाहिली. साध्या कागदावर छापलेला मजकूर, खाली काकाची सही, दोन साक्षीदार. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. त्यामुळे मुद्रांक विक्रेत्याची वही तपासायचीही सोय नव्हती. तारीख सहा वर्षांपूर्वीची. एक साक्षीदार मयत, दुसरा पुतण्याचा दोस्त. आम्ही पोलीस अशा वेळी जे म्हणतो तेच मी म्हणालो, "मावशी, ही दिवाणी बाब आहे. वकील करा."

मावशी हलली नाही. "वकिलाकडं जाईन, सायेब. पण मला येक सांगा, यात वरकस कुटं हाय?"

मी देशावरचा. मला काही कळेना. आमचे हवालदार इथल्याच भातशेतकऱ्याच्या घरातले. ते म्हणाले, "साहेब, वरकस म्हणजे मळ्याला जोडलेली चढावरची जमीन. तिथलं गवत, पाला आणून मळ्याच्या एका तुकड्यावर जाळायचा, म्हणजे राब भाजायचा, आणि त्या जागेत भाताचं रोप पेरायचं. इथला माणूस मळा आणि वरकस वेगळी धरतच नाही."

"ह्यांनी चाळीस वर्सं राब भाजला," मावशी म्हणाली. "मळा येकाला लिवून वरकस वाऱ्यावर सोडनारा मानूस नव्हता तो. ज्यानं ह्ये लिवलं, त्यानं वरकशीत कदी पाय तरी ठेवलाय का?"

मी तक्रार स्टेशन डायरीत नोंदवायला सांगितली. हरकतीचा अर्ज मुलीला त्याच दिवशी तलाठ्याकडे द्यायला लावला. सुनावणी लागेपर्यंत आम्हाला वेळ मिळाला, पण पुरावा नव्हता. मृत्युपत्रात एक जमीन राहून गेली, एवढ्यावर कुणाला अटक होत नाही.

मला आकडे ताडून पाहायची खोड आहे. घरचं वीजबिलही मी मागच्या बिलाशी लावून पाहतो. मृत्युपत्रात मळा चौतीस गुंठे लिहिला होता. मी आजचा सातबारा मागवला, तिथेही चौतीस. मग मृत्युपत्राच्या तारखेचा जुना सातबारा काढायला लावला. तिथे एकोणचाळीस होते. मधले पाच गुंठे चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या रुंदीकरणात गेले होते.

पुतण्याला नोटीस देऊन बोलावलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा अवघड प्रश्नांची तयारी करून येतो. सोप्या प्रश्नांची करत नाही. म्हणून सहीबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

"मळा केवढा आहे हो?"

"चौतीस गुंठे."

"रस्त्यावरून मोठा वाटतो."

"होताच मोठा. एकोणचाळीस होता. पाच गेले रुंदीकरणात. तेव्हा सगळी धावपळ मीच केली. काका लकव्याने पडून होते ना."

"म्हणजे चार वर्षं झाली. आणि मृत्युपत्र?"

"ते सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हा काका ठणठणीत होते."

मी दोन्ही सातबारे आणि मृत्युपत्र त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. "पाच गुंठे रस्त्यात जाणार, हे काकांना दोन वर्षं आधी कसं कळलं?"

हवालदार मागून म्हणाले, "काय रं, काका जोतिषी होते का?"

पाऊण तासात त्याने खालापूरच्या टायपिंगच्या दुकानाचं नाव सांगितलं. तिथल्या संगणकात मजकुराची फाईल सापडली, काकाच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी तयार केलेली. दलाल माणूस, आजचा सातबारा समोर ठेवून आकडा उतरवायची रोजची सवय. ती सवयच त्याला नडली. दोस्त साक्षीदारानेही कबुली दिली. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. पुतण्याचा फेरफार नामंजूर झाला आणि मळ्याच्या सातबारावर मावशी आणि दोन्ही मुलींची नावं लागली.

नवा सातबारा घेऊन मावशी ठाण्यात आली. "सायेब, आता मी माजं जित्तेपनीच लिवनार. दोगी पोरींना, सारखं." मग तिने विचारलं, "तुमी लिवलंय का तुमचं?"

मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागलो. हवालदारांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. जमीन सांभाळायला कष्ट लागतात, पण ती पुढच्यांच्या हाती नीट पडायला वेळेवर केलेला, नोंदवलेला, सगळं सांगणारा कागद लागतो. आणि 'दिवाणी बाब' म्हणण्याआधी समोरच्या माणसाचं पुरतं ऐकून घ्यावं. कुठल्या घरात काय विसरता येत नाही, ते त्या घरालाच ठाऊक असतं.

दोन महिन्यांनी मी स्वतःचं मृत्युपत्र घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. फ्लॅट, ठेवी, गावाकडची सव्वा एकर, सगळं तीनदा तपासलेलं. बाकावर मावशी दोन्ही मुलींसह बसली होती.

"वरकस लिवली बरं का, सायेब. पयली तीच लिवली," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघून, "तुमचं काय राह्यलं नाय ना? गावाला रान आसंलच की, मग पानी कुटलं त्याला?"

मी कागद उघडला. सव्वा एकर होती. भावकीच्या विहिरीतला माझा तिसरा हिस्सा कुठेच नव्हता.

त्या दिवशी माझी नोंदणी झाली नाही. मावशीची झाली.