कळवलं ते वर, खाली नाही

त्या वर्षी सानगडीकडच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, तुडतुड्याची कीड पडली. माझा धाकटा दीर सकाळपासून पाठीवर पंप घेऊन औषध फवारत होता. दुपारी घरी आला आणि ओसरीवर बसला, तो उठेचना. सदरा घामानं निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती.

"वैनी, मले अंधुक दिसून राहिलं," एवढं म्हणाला आणि भडभडून ओकला.

जवळच्या दवाखान्यात नेलं. ऊन लागलंय म्हणाले, सलाईन लावली आणि घरी पाठवलं. तो फवारणी करून आला आहे, अंगाला औषधाचा वास येतोय, हे मी सांगत राहिले. कोणी मान वर केली नाही.

संध्याकाळी त्याला धाप लागली. शेजाऱ्याच्या गाडीतून भंडाऱ्याला पोचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळं बारीक ठिपक्यासारखी झाली होती. त्यांनी आधी कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं, मग इंजेक्शनं सुरू केली. दीर वाचला.

सकाळी त्या म्हणाल्या, "तुमच्या भागातले असे बरेच पेशंट येत आहेत. दोन औषधं मिसळून फवारता ना?"

"दुकानदारच तसं देते. पण हे गावात कोणी सांगितलं काहून नाही?"

"आम्ही वर कळवलं आहे."

"वर कोणाले? फवारतो तर आम्ही."

त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. माणसं आजारी पडताहेत हे माहीत असून गावाला एक शब्द नाही.

गावात परतल्यावर मी थेट देवळात गेले आणि भोंग्यावरून सगळं सांगितलं. लाळ, घाम, अंधुक दिसणं, ओकारी. असं झालं तर अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि मोठा दवाखाना गाठा. दुकानदार तणतणत आला. "वहिनी, धंदा कायले खराब करून राहिल्या?" मी बोलणं थांबवलं नाही.

खाली उतरले तेव्हा मागच्या आळीतली एक बाई उभी होती. मागल्या हंगामात तिचा नवरा बांधीतच पडून वारला होता.

"लाळ गळत होती म्हणता?" तिनं विचारलं. "आमच्या मालकायचीबी गळत होती. मले तं हार्टफेल सांगितलं."

मी तिचा हात धरला.

दिराचे हात अजून कापतात, चहाचा कप धरवत नाही. फवारणीचे दिवस आले की मी देवळात जाऊन भोंगा लावते. वरून अजून कोणी आलेलं नाही.