आईचे आठ हात

माझे वडील माणसांची तैलचित्रं काढायचे. बहुतेक गेलेल्या माणसांची, फोटोवरून. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नव्वदच्या दशकात बंगळूरमध्ये मारतहळ्ळीकडच्या एका नव्या देवळासाठी आपल्याच मराठी मंडळींनी त्यांना अष्टभुजा देवी काढायला सांगितली आणि त्यांची पंचाईत झाली. देवीचा फोटो कुठून आणणार? मग आई उभी राहिली.

आठ हात म्हणजे आठ दुपारी. जेवणं उरकली की आई पदर खोचून, उलट्या बादलीवर एक पाय ठेवून उभी. बादली म्हणजे महिषासुर. तलवारीच्या जागी कालथा, ढालीच्या जागी परात, त्रिशूळ म्हणून कपडे वाळत घालायची काठी. अण्णा कोळशाने जाड कागदावर कोपर, मनगट, बोटं काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे.

"अहो, हात स्वल्प खाली करू का?" आई विचारायची.

"हलू नकोस."

संध्याकाळी तिचा खांदा असा भरून यायचा की कणीक मला मळावी लागे. तक्रार मात्र नाही. मला तेव्हाही तिचा या गोष्टीसाठी राग यायचा.

देवी सुरेख झाली, हे मान्य करायला हवं. विश्वस्त घरी बघायला आले. अध्यक्षांनी बराच वेळ निरखून विचारलं, "अण्णा, देवीच्या उजव्या हातांच्या करंगळ्या अशा बाहेर का वळल्यात हो?"

त्या तशा होत्या, कारण आईची उजवी करंगळी बसच्या दारात सापडून कायमची वाकडी झाली होती. अण्णांना समोर दिसेल ते काढायची सवय. चारही उजव्या हातांवर तीच करंगळी उतरली होती. आता ते सांगतील म्हणून मी आईकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

अण्णा म्हणाले, "मला तशीच दिसली. पहाटे स्वप्नात आली होती."

अध्यक्षांनी हात जोडले. "सरी, बरोबर आहे. अशी मुद्रा माणसाला सुचायचीच नाही." आणि त्यांनी आईच्या हातातून कप घेतला. ती करंगळी त्यांच्या नाकासमोर होती, पण आमच्या आईच्या हाताकडे कोण बघतंय?

मंडळी गेल्यावर मी कोळशाची सगळी चित्रं अण्णांपुढे आपटली. "मग हे काय आहे?"

"अगं, घरातली बाई उभी करून देवी काढली म्हटलं, तर लोक नमस्कार तरी करतील का?"

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. रोज तिच्या हातचं जेवून ते हे म्हणत होते, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आई रिकामे कप उचलून आत गेली. महिन्याभरात त्याच देवळाने सरस्वती मागितली. अण्णांनी कागद लावला, कोळसा घेतला आणि वीणा म्हणून लाटणं मांडून ठेवलं. मग हाक मारली, "अगं, ये. उभी राहा."

आई बीन्स निवडत बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"तिलाच बोलवा," ती म्हणाली. "पहाटे येते ना तुमच्याकडे."