मांडीवरचा स्पीकर

परभणीहून बोरीमार्गे पुढं जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर स्पीकर होता आणि बंद स्पीकरचं बटण तो उगाच फिरवत होता. गावातल्या लहानशा चर्चचा पास्टर आहे, एवढं त्यानंच सांगितलं.

"दिवाळीपर्यंत चर्च भरलेलं असतंय. मग सगळे ऊसतोडीला जातेत, म्हाताऱ्या तेवढ्या उरतेत. परवा मी सवयीनं माईकवरच सुरू झालो. एक म्हातारी म्हणली, पास्टर, आमी समोरच हाव की, एवढं कुणासाठी वरडायलाव?"

"मग?"

"खाली बसलो. बसल्यावर उपदेशच सुचंना. तिच्या गुडघ्याचं विचारलं, तर ती रडायला लागली. प्रार्थना राहूनच गेली. ह्याला पास्टरकी म्हणावं का?"

मी त्याच्या मांडीवरच्या स्पीकरकडं बघितलं.

बोरीला तो उतरला, स्पीकर सीटवरच ठेवून. ड्रायव्हरनं हाक मारली, तर म्हणाला, "न्या तुमीच. मला न्हाई लागत आता."

जीप सुटली तसा तो पत्रा बडवत मागं धावला. जीप थांबली, तसा सीटवरचा स्पीकर उचलून छातीशी धरून, धापा टाकत मला म्हणाला,

"पण लोक परत येतील की हो. तवा?"