अश्रुधूर आणि गुरूचा पक्ष

१८ जानेवारी १९५६, दुपारी चार वाजता संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर गिरगावातील आमच्या चाळीत शिरला. माझे शेजारी महाविद्यालयात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवीत. त्या तत्त्वज्ञानातला एक गुरू म्हणतो, दिसते ती केवळ छाया. त्याचाच शिष्य म्हणतो, दिसते तेच खरे. शेजारी गुरूच्या पक्षाचे. शिष्याच्या मताचा ते रोज जेवणानंतर गॅलरीत पराभव करीत. त्या दिवशी मात्र डोळे चोळीत उभे होते.

“काय हो प्रोफेसर, ही पण छायाच का?” समोरच्या काकूंनी विचारले.

“छायाच! पण झोंबते फार.”

तेवढ्यात काकूंची आठ दिवसांची नात आत घुसमटून खोकू लागली. शेजाऱ्यांनी नेसते धोतर फेडले, पिंपात बुडवले आणि काकूंच्या दाराच्या फटीत कोंबले. मग तसेच चड्डीवर माझ्यापुढे येऊन, काकूंच्या खिडकीसाठी माझे धोतर मागितले.