थांबलेले ओठ

पटकथा लिहू पाहणारी मुलं सल्ला मागतात, तेव्हा मी पुसदच्या एका टायपिस्टबाईंबद्दल सांगतो. माझी पहिली पटकथा त्यांनीच टाइप केली. प्रत्येक संवाद त्या ओठांतल्या ओठांत बोलून बघायच्या. नायक थोरल्या भावाची माफी मागतो, त्या पानावर त्यांचे ओठ थांबले.

“काय झालं, ताई?”

“दादा, एवढं लंबं भाषण कोणी देते काय? माणूस तं आधी पाणी मागते, मंग उगाच पिकापाण्याचं बोलते. तुम्ही कधी गेलते काय माफी मागाले?”

मी गेलो नव्हतो. वडिलांचं शेवटचं आजारपण भावावर टाकून मी लिहीत बसलो होतो. त्यानंतर त्याला तोंड दाखवलं नव्हतं.

ते पान कोरं ठेवायला सांगून मी उमरखेडला, भावाकडे निघालो.